विभाग अवकाशात आहे

आमच्या वजनमाप कार्यालयातल्या विभागांमध्ये परस्पर सहकार्याची भावना असमाधानकारक आहे, असं मुख्य कार्यालयाच्या पाहणीत आढळलं. त्यावर उपाय म्हणून आम्हाला अवकाशात पाठवण्याचं ठरलं.

अवकाश दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात होतं. मधोमध लोखंडी कपाटांची ओळ उभी करून खोलीचे दोन भाग केले होते. अलीकडे यानाचं इंजिन, पलीकडे नियंत्रण कक्ष. दोन्हीकडे एकेक टेबल आणि त्यावर बसवलेले रंगीत दांडे. छताला एक भला मोठा पिवळा फुगा टांगला होता आणि त्याचं तोंड किंचित सैल बांधून हवा सावकाश सुटेल अशी व्यवस्था केली होती. ती यानातली हवा. भिंतीवर लाल आकड्यांचं घड्याळ होतं, ते वीस मिनिटांवरून उलटं शून्याकडे येणार होतं. दाराला बाहेरून कडी होती आणि कडीशेजारी स्टुलावर आमचा शिपाई. मोहीम फत्ते झाली किंवा वेळ संपली की घड्याळातली बेल वाजणार. बेल वाजली की त्याने कडी काढायची, त्याआधी नाही, असा लेखी आदेश त्याला मिळाला होता.

चंदेरी कोट घातलेल्या प्रशिक्षकांनी खेळ समजावून सांगितला. प्रत्येकाने आपण कोण आहोत हे विसरून, कार्डावर जे लिहिलंय ते व्हायचं. कार्यालयात ही सवय सगळ्यांना होतीच, फक्त कार्डं नव्हती. यानाला उल्का लागली आहे, हवा गळते आहे. अलीकडचे दांडे कोणत्या क्रमाने ओढायचे ते पलीकडच्यांना दिसतं, पलीकडचे कोणत्या क्रमाने, ते अलीकडच्यांना. एकमेकांना विचारायचं, सांगायचं आणि यान वाचवायचं. बोलण्यासाठी कपाटावर एक इंटरकॉम ठेवला होता.

आमच्या बाजूला आमचा वेळ विभाग होता. साहेबांना मुख्य अभियंत्याचं कार्ड मिळालं. निवृत्तीला आलेल्या मोठ्या बाई यानाच्या डॉक्टर झाल्या. त्यांनी लगेच सगळ्यांची नाडी बघितली आणि पिशवीतून मटार काढून सोलायला बसल्या. मी यंत्रमानव झाले. माझ्या कार्डावर दोन सूचना होत्या. पहिली अशी की यंत्रमानवाला दोन्हीकडच्या दांड्यांचा क्रम माहीत असतो, तो खाली दिला आहे. दुसरी अशी की यंत्रमानव विचारल्याशिवाय बोलत नाही आणि विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतो. दुसरी सूचना वाचण्याची मला गरज नव्हती. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन या विभागात आल्यापासून मी तीच पाळत आले आहे.

पलीकडे लांबी विभाग होता. लांबीचे साहेब हे आमच्या साहेबांचे सख्खे साडू. बायका सख्ख्या बहिणी, एकमेकींवर जीव टाकणाऱ्या. नवरे मात्र एकमेकांशी बोलत नाहीत. कारण सगळ्या कार्यालयाला पाठ आहे. लांबीच्या साहेबांनी आमच्या साहेबांच्या घरच्या पडद्यांचं माप स्वतः घेतलं आणि पडदे वीतभर आखूड आले. त्यानंतर दोन्ही कुटुंबं सहलीला निघाली, तेव्हा आमचे साहेब स्टेशनावर इतके उशिरा पोचले की गाडी निघून गेली होती. एकाने लांबीत चूक केली, दुसऱ्याने वेळेत. दोघांनीही आपापल्या खात्याचं नाव राखलं.

मोहीम फसली तर दोन्ही विभाग एकत्र केले जाणार होते आणि ज्याच्या आडमुठेपणाने ती फसली असं ठरेल, त्याने दुसऱ्याच्या हाताखाली काम करायचं होतं. आमचे साहेब आदल्या दिवशी डबा न खाता बसून होते. साडूच्या सहीने रजा घ्यायची वेळ आली तर आपण रजाच घेणार नाही, असं ते मोठ्या बाईंना म्हणाले. मोठ्या बाई म्हणाल्या की मग सगळ्यांचीच पंचाईत होईल.

घड्याळ सुरू झालं. साहेबांनी इंटरकॉमकडे बघितलं. कपाटापलीकडे लांबीचे साहेबही इंटरकॉमकडेच बघत असावेत, कारण तिकडूनही काही आवाज नव्हता. आधी बोलेल तो लहान, हे दोघांनाही घरात शिकायला मिळालं होतं. पण सहकार्य तर दिसायला हवं. शेवटी साहेबांनी खिशातून मोबाइल काढला आणि धाकट्या वहिनींना, म्हणजे आपल्या बायकोला, फोन लावला.

"अगं, ताईला विचार, तिच्या नवऱ्याला काय दिसतंय. निळ्या दांड्यानंतर आमचा कोणता?"

"दांडा कशाला हवाय? पडद्यांचा का?"

साहेब म्हणाले की पडद्यांचा नव्हे, यानाचा. वहिनींनी बहिणीला फोन लावला. बराच वेळ काही झालं नाही. घड्याळ पळत होतं, फुगा सुरकुतत होता. मग कपाटापलीकडे एक मोबाइल वाजला आणि लांबीचे साहेब खालच्या आवाजात म्हणाले की मला स्वयंपाकघराचं काही विचारू नकोस, मी अवकाशात आहे. यानाच्या दोन टोकांमध्ये पाच पावलांचं अंतर होतं आणि निरोप शहराच्या दोन टोकांना जाऊन येत होता. अखेर आमच्या बाजूचा फोन वाजला.

"हिरवा," वहिनी म्हणाल्या. "पण ताई म्हणते, तुमच्या भिंतीला हिरवा शोभणार नाही."

कार्डानुसार निळ्यानंतर हिरवा नव्हता. मला कोणी विचारलं नाही. साहेबांनी हिरवा दांडा ओढला. खर्रकन आवाज झाला आणि प्रशिक्षक यानाच्या आवाजात म्हणाले, "चुकीचा दांडा. दंड, दोन मिनिटं." भिंतीवरच्या घड्याळाने दोन मिनिटं एकदम खाली उडी मारली.

साहेब ताठ उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी मागे पडणारी घड्याळं बघितली होती, पुढे पळणारी बघितली होती. पण डोळ्यांदेखत दोन मिनिटं गिळणारं घड्याळ त्यांनी प्रथमच बघितलं. ते माझ्याकडे वळले. यानात बसल्यापासून मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"हे घड्याळ बरोबर आहे का?"

विभागाचं प्रमाण घड्याळ माझ्या पर्समध्ये असतं. मी ते काढून ताडून बघितलं आणि विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. "नाही. दोन मिनिटं चुकतंय."

पुढचं सगळं नियमाने झालं. चुकीचं घड्याळ आढळल्यास ते जागेवरच थांबवावं, त्याला तार गुंडाळून शिशाचा शिक्का मारावा, आणि त्याने दाखवलेली वेळ झालीच नाही असं समजावं, असा आमचा नियम आहे. तार आणि शिक्का साहेबांच्या खिशात नेहमी असतात. प्रशिक्षक खुर्चीवर चढून घड्याळापुढे आडवे उभे राहिले, तेव्हा साहेबांनी त्यांना शांतपणे बाजूला व्हायला सांगितलं, कारण मापात फेरफार करणाऱ्याला पाठीशी घालणं हा वेगळा गुन्हा आहे. आकडे विझले. शिक्का बसला.

प्रशिक्षक म्हणाले की घड्याळ थांबवलं म्हणून हवा थांबत नाही, हा फुगा बघा, अर्धा झालाय, थोड्या वेळात तुम्ही सगळे मेलेले असाल. साहेबांचा चेहरा उतरला. फुगा खरोखर लहान दिसत होता. मोहीम फसली, ती आपल्यामुळे, आता साडूच्या हाताखाली. ते मटकन खाली बसले.

तेवढ्यात कपाटापलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

"फुगा लहान झाला," लांबीचे साहेब म्हणाले, "हे कोणी मोजलं?"

कितीतरी वर्षांनी दोघा साडूंमध्ये उच्चारलेलं हे पहिलं वाक्य होतं. प्रशिक्षक म्हणाले की मोजायचं काय त्यात, डोळ्यांना दिसतंय. लांबीच्या साहेबांनी त्यांना समजावलं की डोळा हे मान्यताप्राप्त माप नाही. मोहिमेपूर्वी फुग्याचं माप घेतलेलं नाही. ज्याचं माप नाही, ते कमी झालं असं म्हणता येत नाही. मग आता घ्या माप, प्रशिक्षक म्हणाले. त्यावर लांबीचे साहेब म्हणाले की फुगा गोल आहे, आणि आमच्या विभागाकडे फक्त सरळ वस्तू येतात.

साहेब उठले. ते कपाटाजवळ गेले. "साडूभाऊ, मुद्दा बरोबर आहे."

"तुमचाही शिक्का वेळेवर बसला," पलीकडून उत्तर आलं.

मोठ्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मटार पुढे सोलू लागल्या. वेळ गेलेली नव्हती, हवा कमी झालेली नव्हती. दोन्ही विभागांच्या सहकार्याने यान पूर्ण सुरक्षित होतं. प्रशिक्षकांनी विचारलं की मग मोहीम संपली असं धरायचं का. साहेब म्हणाले, वेळच गेली नाही तर मोहीम संपेल कशी. प्रशिक्षक म्हणाले की मग मला घरी जाऊ द्या, आणि दार ठोठावू लागले.

शिपाई बाहेरून म्हणाला की बेल वाजलेली नाही.

"अहो, वाजणारच नाही. बेल घड्याळात आहे आणि घड्याळाला शिक्का मारलाय," प्रशिक्षक ओरडले.

"मग तसा आदेश आणा साहेब."

आदेश काढायला साहेब तयार होते, पण त्यावर घालायचा जावक क्रमांक खाली टपाल शाखेत मिळतो आणि टपाल शाखेत जायला दार उघडावं लागतं. लांबीच्या साहेबांनी सुचवलं की आदेश दाराखालून सरकवावा. आमच्या साहेबांनी सूचनेचं मनापासून कौतुक केलं आणि क्रमांकाशिवाय तो कागद ठरेल, आदेश नव्हे, हे निदर्शनास आणलं. लांबीच्या साहेबांना ते लगेच पटलं. इतकी एकवाक्यता मी कार्यालयात कधी बघितली नव्हती. प्रशिक्षक चंदेरी कोट पांघरून कोपऱ्यात बसले. फुगा हळूहळू दोरीतून निसटला आणि मोठ्या बाईंच्या मटारांवर पडला. त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला आणि डॉक्टर या नात्याने सांगितलं की सगळ्यांचे श्वास चालू आहेत, मटार संपलेत.

संध्याकाळी दोन्ही वहिनी आल्या. फोनवर पडद्यांचं सगळं बोलणं झालं होतं, आता कापड बघायला नवऱ्यांना घेऊन जायचं होतं. शिपायाने थोरल्या वहिनींपुढे आदेश धरला, पण त्यांनी चष्मा आणला नव्हता. त्यांनी कडी काढली. नवऱ्यांना एकमेकांशी गप्पा मारताना बघून त्या घाबरल्या आणि कोणाला बरं नाहीये का, असं विचारू लागल्या.

मुख्य कार्यालयाला संयुक्त अहवाल गेला. दोन्ही विभागांनी प्रथमच एकमताने काम केल्याबद्दल प्रशस्तिपत्रक आलं आणि विलीनीकरण मोहीम संपेपर्यंत पुढे ढकलण्यात आलं. मोहीम संपण्यासाठी घड्याळ तपासून शिक्का काढायला हवा. घड्याळं तपासण्याचं काम आमच्या विभागाकडे आहे आणि आमचा विभाग मोहिमेवर आहे. त्यामुळे आम्ही रोज सकाळी सही करून सभागृहात जातो. मधलं एक कपाट काढलं आहे, तिथून दोघे साहेब चहाचे कप पुढेमागे करतात. प्रशिक्षकही येतात, कारण मोहीम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्याशिवाय त्यांना पुढचं काम मिळत नाही. मोठ्या बाईंची निवृत्तीही लांबली. वेळ झाल्याचं सिद्ध होत नाही. खालच्या खिडकीवर पाटी आहे: 'विभाग अवकाशात आहे. तसदीबद्दल क्षमस्व.'

घड्याळांवर आणि मीटरच्या पट्ट्यांवर दर वर्षी तपासणीचे शिक्के मारून घ्यायला येणारे लोक सुरुवातीला चिडले. मग त्यांच्या लक्षात आलं की मुदत संपलेल्या शिक्क्याच्या घड्याळाने कोणाला उशीर होऊच शकत नाही. शाळेत उशिरा जाणारे शिक्षक तसं सांगू लागले, दवाखान्यात उशिरा येणारे डॉक्टर सांगू लागले, कापडवाल्यांनी मीटरच्या पट्ट्या आत ठेवून दिल्या. आता खिडकीवर तक्रार येत नाही. अधूनमधून कोणीतरी येऊन पाटी अजून आहे ना, एवढं बघून समाधानाने परत जातं.

माझं कार्ड अजून पर्समध्ये आहे. त्यावर दांड्यांचा सगळा क्रम आहे. कोणी विचारलं तर यान पाच मिनिटांत सुखरूप उतरेल. साहेबांनी विचारलं नाही, त्यांच्या साडूंनी नाही, प्रशिक्षकांनीही नाही. तुम्हाला तर मी कार्डाबद्दल सुरुवातीलाच सांगितलं होतं. तुम्ही इथवर आमच्यावर हसत आलात. निळ्यानंतर कोणता, हे काही तुम्ही विचारलं नाहीत, आणि स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाचा शिक्का कधीचा आहे, तेही उलटून बघितलं नाहीत. राहू दे. इथे कोणालाच घाई नाही. नियंत्रण कक्षाच्या बाजूला खिडकीजवळची एक खुर्ची रिकामी आहे, ती मी तुमच्यासाठी पुसून ठेवली आहे.