वार विचारणारे भटूआप्पा

मे महिन्यात दुपारी बारा ते चार आमच्या गावात एकच माणूस रस्त्यावर दिसायचा, आणि तो बाकीच्यांना सांगत फिरायचा की रस्त्यावर दिसू नका.

हे भटूआप्पा. तीस वर्षं ग्रामपंचायतीत शिपाई होते, गावाला पाणी सोडायचे. निवृत्तीनंतरही पंचायतीची पायरी सुटली नाही. तालुक्याहून उष्माघाताचा आराखडा आला, त्यात एकट्या राहणाऱ्या वृद्धांची चौकशी करावी असं एक वाक्य होतं. ग्रामसेविकेने ते वाक्य भटूआप्पांच्या हवाली केलं. आठवड्यातून एखादी फेरी मारतील, असं तिला वाटलं असावं. ती बदली होऊन नुकतीच आली होती, तिला आप्पा माहीत नव्हते.

डोक्यावर ओला पंचा, खिशात कांदा, काळ्या छत्रीवर शिवलेलं पांढरं धोतर, एका हातात मीठ-साखरेच्या सरबताची किटली, दुसऱ्या हातात अकरा नावांचा कागद. बारा दहाला फेरी सुरू आणि बारा चाळीसला माझ्या दारात. मुलांनो, तुम्हाला ठाऊक आहे, मी घड्याळाच्या बाबतीत कुणाचं कौतुक सहसा करत नाही.

त्या कागदावर माझं नाव चौथं आहे. पहिल्या दिवशी मला ते फार झोंबलं.

"आप्पा, मी एकटी नाही. दर रविवारी नातवंडांचा फोन येतो."

"फोन सरबत पाजस का, वहिनी?" म्हणाले. "बरं, सांगा. आज वार कोनता शे?"

हा त्यांचा प्रश्न. तालुक्याच्या प्रशिक्षणात कुणीतरी सांगितलं होतं की उष्माघातात माणूस आधी गोंधळतो. आप्पांनी त्यातून स्वतःचं शास्त्र तयार केलं. "उन डोकामा चढनं का पहिले वार जास, मंग मानूस जास." वार बरोबर सांगितला की कागदावर बरोबरची खूण. चुकला तर अर्धा तास सावलीत बसायचं, एक गिलास सरबत प्यायचं आणि मग पुन्हा तोच प्रश्न.

मी रागाने म्हणाले, "टुडे इज ट्यूसडे." बडोद्याच्या कॉलेजातलं माझं इंग्रजी या गावात इतकंच उपयोगी पडलं. आप्पांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं, कागदावर फुली मारली आणि मला झोपाळ्यावर बसवून सरबत पाजलं. संध्याकाळी सरपंचांच्या कानावर गेलं, "वहिनी इंग्रजीमा बोलाले लागन्यात."

पलीकडच्या गल्लीतल्या इठामायला हा प्रश्न म्हणजे अपमान वाटायचा. "आज वार कोनता शे, माय?" की लगेच उत्तर, "तुन्हा तेरावाना!" आप्पा शांतपणे म्हणायचे, "चुकनं. अर्धा तास सावली." चार दिवसांत इठामायच्या लक्षात आलं की चुकलं की सरबत मिळतं, आणि गप्पा मारायला माणूसही मिळतो. तेव्हापासून तिने एकही वार बरोबर सांगितला नाही. हे आप्पांना कळत होतं. तरी ते रोज फुली मारायचे आणि रोज किटली तिरपी करायचे.

एकदा मी विचारलं, "सगळ्यांना घरात बसवता आणि तुम्हीच उन्हात फिरता, हे कसं?"

"मी मानूस थोडाच शे, वहिनी," ते छत्री मिटत म्हणाले. "मी यंत्रना शे."

मग एका दुपारी बारा चाळीस झाले आणि यंत्रणा आली नाही. माझ्या ओटीवरचा पारा चव्वेचाळीसवर होता. बारा पन्नासला पंचायतीत फोन केला. ग्रामसेविका तालुक्याला बैठकीला गेली होती, विषय अर्थातच उष्माघात. एक वाजता मी तुमच्या आजोबांची छत्री घेऊन बाहेर पडले. निंबाखाली इठामाय उभी, डोक्यावर ओला पदर.

"मढा आज उना नही," ती आप्पांच्या वाटेकडे पाहत म्हणाली. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

कोपऱ्यावर कागदावरचे सातवे, गोविंद मास्तर, काठी टेकत निघालेले भेटले. ज्यांनी दुपारी उंबरठा ओलांडू नये म्हणून सारा आराखडा होता, असे आम्ही तिघे भर उन्हात पाण्याच्या टाकीकडे चाललो होतो.

टाकीमागे आप्पांचं पत्र्याचं घर आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी सुरतेला दिली आहे. दार उघडं होतं. भरलेली किटली उंबऱ्यापाशी, आणि आप्पा एका पायात चप्पल घालून जमिनीवर आडवे. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही.

मास्तरांनी वाकून विचारलं, "भटू, आज वार कोणता?"

आप्पांनी बराच वेळ आढ्याकडे पाहिलं. "पानी सोडाना," ते पुटपुटले. "आज पानी सोडाना वार शे."

इठामाय किटली उचलून पुढे झाली. मी तिचा हात धरला. शुद्ध नसेल तर घोटभरही पाजायचं नाही, हे आप्पांनीच आम्हाला घोकवून घेतलं होतं. मास्तरांनी आरोग्य केंद्राला फोन लावला. आम्ही दोघींनी हंड्यातलं पाणी त्यांच्या अंगावर ओतलं, ओल्या चादरीत गुंडाळलं आणि सुपाने वारा घातला. इठामाय सूप हलवता हलवता सारखी म्हणत होती, "वार सांग रे भटू, वार सांग."

गाडी येईपर्यंत मला काहीतरी नीट लावायला हवं होतं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी उंबऱ्यापाशी पडलेला कागद उचलला. अकरा नावं, आणि प्रत्येकापुढे रोजच्या खुणा. त्यांच्याखाली लहान अक्षरात बारावं नाव होतं. 'भटू. एकटा.' नियम म्हणजे नियम. त्या ओळीतली सगळी घरं एप्रिलपासून कोरी होती.

चौथ्या दिवशी आप्पा घरी परतले. ग्रामसेविकेने फेरी सकाळी दहाच्या आत संपवायची सक्त ताकीद दिली आणि कागदाची एक प्रत माझ्याकडे ठेवली. आता माझं घर शेवटी येतं. ते मला वार विचारतात, मी पूर्ण वाक्यात मराठीत सांगते. मग मी विचारते, "आप्पा, आज वार कोणता?"

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या मागच्या कॅलेंडरकडे नीट पाहून घेतलं. "आज आइतवार शे," म्हणाले.

त्या दिवशी शुक्रवार होता. आत येता येताच त्यांनी विचारलं होतं, "उद्या शनवारना बाजार, वहिनी, काही आणू का?"

मी बाराव्या ओळीत फुली मारली, झोपाळ्याकडे बोट दाखवलं आणि सरबत करायला उठले. आज अकरा दिवस झाले, आप्पांना एकदाही वार आठवलेला नाही.