काकूंचं स्पॅनिश बसणं

"शेवंताबाईले काही लागलं का वं? बसतानाही मंतर म्हनते!"

आमच्या सौंदड गावातल्या बोरिंगवर दोघी बायका असं बोलत होत्या, तेव्हा मी मान खाली घालून बादली भरत होते. तो मंत्र मीच शिकवला होता. 'मे सिएन्तो'. स्पॅनिशमध्ये, मी बसते.

शेवंताकाकू आमच्या शेजारी. वय पासष्ट, शाळा चौथीपर्यंत. मुलगा विनोददादा स्पेनमध्ये, सून तिकडचीच, आणि चार वर्षांची नात लुसिया फक्त स्पॅनिश बोलते. एका संध्याकाळी काकू मोबाईलवर स्पॅनिश शिकवणारं ॲप उघडून आल्या. "तू कॉन्व्हेंटवाली हायेस. सांग मले." ॲपमधले अर्थ इंग्रजीत होते. मला चारचौघांत बोलायचं जिवावर येतं, पण काकूंना नाही म्हणणं त्याहून अवघड.

लोक क्रियापद पाठ करतात, काकू ते करून पाहत. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधावर जेवायला टेकताना 'मे सिएन्तो', शेजारणीकडे बोट दाखवून 'ते सिएन्तास', मग सगळ्यांसाठी 'नोस सेन्तामोस'. आठवडाभरात बायकांची अख्खी रांग तसं म्हटल्याशिवाय डबा उघडेना.

तो 'मे' कशाला, हे मी चाचरत सांगितलं. आपण आपल्यालाच बसवतो, म्हणून. काकू हसल्या. "बरोबर हाये. मले बसवाले इथं दुसरं कोन हाये?"

"पण काकू, एवढी क्रियापदं सोडून हेच का?"

"दारात आलेल्याले आपन आधी काय म्हनतो? बस. माही नात दर रविवारी फोनात येते अन् उभ्याउभ्याच पळते. तिले कोनी बस म्हनलंच नाही, तं काऊन बसंल?"

'सिएन्ताते', म्हणजे 'बस गं', त्यांनी चूल पेटवताना, तांदूळ पाखडताना घोकलं. उच्चार माझ्याहून चांगला झाला.

रविवारी काकू नवं लुगडं नेसून फोनसमोर. मी बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी. लुसिया आली, हात हलवला, एक कापडी ससा दाखवला. काकूंचे ओठ हलले. आवाज फुटलाच नाही. सगळ्या बांधाला शिकवणाऱ्या काकू! पोरगी वळली आणि पळाली.

"चल आई, ठेवतो," विनोददादा म्हणाला.

"हो, ठेव बापा," म्हणत काकू पदराने स्क्रीन पुसू लागल्या. स्क्रीन स्वच्छच होती.

मी सरकून कॅमेऱ्यासमोर आले.

"दादा, फोन ठेवू नका. लुसियाला परत बोलवा. काकूंना तिला बस म्हणायचं आहे."