कुलपातली माशी

शेजारचे भामरे सर बाहेर जाताना दाराला कुलूप लावत नाहीत. लॅचच्या भोकात एका मधमाशीने घर केलंय, चावी घातली तर तिची पिल्लं मरतील, म्हणून. नुसती कडी सरकवतात. तेही भेस्तानमध्ये, सुरतेच्या या चोऱ्यामाऱ्यांच्या भागात!

"चोर आला तर?" मी विचारलं.

"येऊ दे. त्याला कुठे चावी लागते?"

सर धुळ्याकडचे. सुरतेत मराठी शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले, लग्न राहून गेलं. त्यांच्या मते मधमाश्यांच्या पायऱ्या असतात. पहिली पायरी फार जुनी: आई एकटीच घर करते, पिल्लासाठी शिदोरी ठेवते, दार लिंपून निघून जाते. लॅचमधली ती हीच. "बिचारीला लेकराचं तोंडही दिसत नाही," सर हळहळतात. दुसरीत दार सामाईक, पण खोल्या ज्याच्या त्याच्या. शेवटची म्हणजे पोळं. तिथे दुसरीचं पिल्लूही आपलंच.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या मोटरवरून जुंपली की सर उभे राहून जाहीर करतात, "दुसरी पायरी! अजून पोळं नाही."

सेक्रेटरी रमेशभाई हात जोडतात, "सर, पहेला मोटर, पछी मधमाखी."

वर्गणी गोळा करायला सांगितलं तर सरांचं उत्तर ठरलेलं: "मी नर. नर माशी काम करत नाही."

माझी बाळंतपणाची रजा संपली आणि परीला सांभाळायला ठरलेली बाई ऐनवेळी नाही म्हणाली. नवरा दिवसभर वापीच्या कारखान्यात, सासूबाई जळगावला गुडघे धरून बसलेल्या. बँकेतली नोकरी सोडायची, असं ठरवून मी जिन्यात रडत बसले होते. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"एकटीने कशाला? आण तिला इकडे."

"सर, नर काम करत नाही ना?"

"त्यांची उत्क्रांती अजून बाकी आहे," म्हणत त्यांनी परीला उचललं.

आता दुपारी फोन केला की मागून त्यांची अहिराणी ऐकू येते: "कसाले रडस वं माय?" माझी नोकरी टिकली ती सरांमुळे. आभार मानले की चिडतात, म्हणून इथे मानते.

परवा बँकेतून लवकर सुटले. परी सरांच्या खांद्यावर झोपली होती. मी हात पुढे केले, तर सर मागे सरकले.

"राहू दे थोडी," ते हळूच म्हणाले. "तू तिला नेलंस की हे घर पुन्हा पहिल्या पायरीवर जातं."

मी पर्स खाली ठेवली, त्यांच्याच ओट्यावर चहा टाकला आणि नवऱ्याला फोन केला, की आजपासून रात्रीचं जेवण सरांकडे.