भागवतच्या गालाचं तेल

घोडेगावच्या बाजारात म्हैस विकायची कला शिकावी तर भागवतकडून! म्हैस घासूनपुसून धुवायची, अंगभर तेल चोपडायचं, तुकतुकी आली की गिऱ्हाईक जागचं हलत नाही, असं तो छातीठोकपणे सांगायचा. त्याला स्वतःला मात्र तिशी उलटली तरी गिऱ्हाईक मिळत नव्हतं. त्यामुळे कर्जतकडचे गहिनीनाथ लेकीला, निकिताला, घेऊन घर बघायला येणार म्हटल्यावर त्याने तीच विद्या स्वतःवर चालवायचं ठरवलं.

मोबाईलवरून त्याने भांगेच्या बियांचं तेल मागवलं. नशा अजिबात नाही आणि कातडी लोण्यासारखी मऊ, असं त्यावर लिहिलं होतं. दोन-तीन थेंबच लावा, असंही लिहिलं होतं. पण थेंबाने कधी म्हैस चमकलीय का? भागवतने ओंजळभर तेल तोंडाला चोपडलं. गावातल्या पोरांनी बघितलं तर इज्जत जाईल म्हणून उरलेली बाटली त्याने स्वयंपाकघरात डब्यांमागे दडवली.

पाहुणे आले तेव्हा भागवतचं तोंड असं चकाकत होतं की बसायला आलेली माशीसुद्धा घसरून पडावी!

"घाम लई येतो का वो तुमाला?" निकिताच्या आत्याने, रंगुबाईने विचारलं.

"आत्ताच उन्हातनं आलोय," भागवत म्हणाला. सकाळपासून तो पंख्याखालून उठला नव्हता.

तेवढ्यात त्याची आई साळूबाई पोहे घेऊन आली. पोहे हिरवट! रंगुबाईने बशी चाटूनपुसून साफ केली. गहिनीनाथांनी मात्र एक घास खाऊन विचारलं, "कोथिंबीर वाटून घातली व्हय?"

"न्हाई वो. शेंगदाण्याचं तेल संपलं हुतं. पर डब्यामागं करडईचं घावलं!" साळूबाईने कौतुकाने बाटली आणून दाखवली.

बाटलीवर पानाचं भलंमोठं चित्र. गहिनीनाथांनी ते ओळखलं आणि बशी दाणकन खाली ठेवली.

"हे भांगेचं पान हाय! पोरगं भांग घेतंय व्हय?"

"भांग? अगं बया!" रंगुबाईने खांब धरला. "तरीच मला घर फिरताना दिसाया लागलंय!"

"माझं पोर सुपारीबी खात न्हाई वो!" साळूबाईने डोळ्याला पदर लावला.

"ऊठ निकिता!" गहिनीनाथ चपला शोधू लागले.

खरं सांगावं तर लाज जाणार, न सांगावं तर लग्न! शेवटी जमिनीकडे बघत भागवत पुटपुटला, "मी घेत न्हाई ते. लावतो."

"कुठं?"

"तोंडाला."

"कशापायी?"

"मऊ पडाया."

रंगुबाईने फिरतं घर तेवढ्यापुरतं थांबवलं, पुढे येऊन भागवतच्या गालावरून बोट फिरवलं आणि हुंगलं. मग बशी हुंगली.

"त्येच हाय," तिने जाहीर केलं.

भागवतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निकिता ओढणी तोंडाला लावून खोकत होती. तो खोकला नव्हता, हे त्यालाही कळत होतं. विचार करून कळवतो, असं सांगून पाहुणे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भागवत डेअरीच्या रांगेत उभा असताना फोन वाजला. गहिनीनाथ! हात दुधाने भरलेले, म्हणून कट्ट्यावर ठेवलेल्या फोनचा स्पीकर त्याने कोपरानेच कसाबसा लावला.

"भागवतराव, पोरगी हो म्हनती!"

रांगेतून शिट्ट्या उठल्या. भागवतची छाती फुगली.

"पर तिची एक अट हाय."

"बोला की मामा! सोनं, गाडी, कायबी कबूल!"

"सोनं नगं. लग्नात नवरीपरास जास्त नटायचं न्हाई, म्हनती. फोटोत नवरी कोन ते लोकांना कळाया पायजे."

रांगेत आधी एक किटली पडली, मग हसू फुटलं. भागवतच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "कबूल," तो इतक्या बारीक आवाजात म्हणाला की गहिनीनाथांना काही ऐकूच गेलं नाही.

"काय म्हनलात?"

मग सगळ्या रांगेनेच त्याच्या वतीने ओरडून सांगितलं, "कबूल!"