ताकाचे घोडीने रथ जिंकिला त्याची हकीकत

हत्तीचे मुखाचा, परंतु घोड्यांवरही कृपा राखणारा जो गजानन, त्यास नमन करून लिहिले ऐसे की, शके सतराशे सव्वीस, आश्विन शुद्ध नवमीस राज्यात मोठी मौज जाहली. दसऱ्यास महाराजांचा सीमोल्लंघनाचा रथ कोणाचे घोड्याने ओढावा यावर दरबारी कलह माजला. मग महाराजांनी हुकूम केला की, "गाड्यांची शर्यत लावा. घोडा दुडक्या चालीनेच पळावा. चौखूर उधळला त्याची चाल मोडली, तो बाद."

पागेत चिमणी नामे वृद्ध घोडी होती आणि ती नित्य मुदपाकखान्यास ताकाचे डेरे वाही. सरनौबत हैबतराव बोलिले, "ही फुकटची चंदी खाते, तेलियाचे घाण्यास द्यावी." हे ऐकोन तिचा खरारा-दाणापाणी पाहणारा मोतद्दार सुभानजी थेट महाराजांपुढे गेला आणि बोलिला, "ताकाला जाऊन भांडे कशास लपवू? चिमणीस शर्यतीत घ्यावे. जिंकली तर मरेतों पागेत राहू द्यावी, महाराज." दरबार खदखदा हसला, महाराजही हसले आणि कबूल जाहले.

मग नौबत झडली मात्र, सरदारांचे लढाईचे सवयीचे वारू गनीम आला ऐसे समजोन चौखूर उधळले आणि दोन सरदार गाडीसह उसात शिरले आणि हैबतरावांचा घोडा तर निशाण ओलांडून नदीतच उतरला. चिमणीने कान हलविला आणि डेरा हिंदकळू नये ऐशा नित्याचे दुडक्या चालीने निशाणापाशी आली. हैबतराव निथळत परतले आणि गर्जले, "पहिले आम्ही!" महाराज बोलिले, "पहिले खरे, परंतु चाल मोडून. आणि नदीवर तुम्हांस कोणी बोलाविले होते?" सुभानजी घोडीचे गळ्यास मिठी मारून भर मैदानात रडला आणि त्या रडण्याने सर्वांस परमानंद जाहला.

दुसरे दिवशी चिमणी झेंडूच्या माळा घालून रथ ओढीत निघाली, ती मुदपाकखान्याचे दारी येताच उभी राहिली. चुचकारिले, गूळ दाविला, हलेना. सुभानजी लाजून बोलिला, "महाराज, डेरा उतरल्याविना ती पुढे जात नाही." महाराजांनी क्षणभर विचार केला आणि मग आपणच खाली उतरले. लागलीच चिमणी चालू लागली, आणि महाराज धोतर सावरीत मागून धावले.

सारांश, त्या साली सीमोल्लंघन अगोदर चिमणीने केले, महाराजांनी मागाहून, परंतु दुडक्या चालीने. चाल मोडली नाही.