आवाजाचं कुलूप

बबनभाऊंनी वाचनालयाच्या संगणकाचा आवाज कुलपात ठेवला आहे. वडगाव मावळातल्या आमच्या वाचनालयात कोणीही आवाज वाढवायला गेलं की संगणक पासवर्ड मागतो. स्पीकरचं बटणही भाऊंनी उपटलंय. भोकात मेण भरलंय.

"आवाज मिठासारका," ते म्हणतात. "ज्यानं त्यानं उठून घालायचा न्हाई."

एकदा अध्यक्षांना स्वतःचंच भाषण मोठ्यानं ऐकायचं होतं. "साहेब, जवळ या," भाऊ म्हणाले.

भाऊ इथले शिपाई. माझी बायको सुमती इथं ग्रंथपाल होती. जेवताना तिचं प्रत्येक वाक्य 'बबनभाऊ म्हणाले'नं सुरू व्हायचं, आणि मी ताटात बघत राहायचो. ती गेली तेव्हा भाऊ आमच्या अंगणात मोठ्यानं रडले. मला रडता आलं नाही. त्याचाही मला हेवा वाटला.

त्याहून मोठा हेवा पुढेच होता. वाचनालय बंद होताना संगणकातून सुमती बोलते, "मंडळी, निघायची वेळ झाली. पुस्तकात खूण घाला." घरी तिचे फोटो आहेत, आवाज नाही. तो भाऊंकडे. प्रत मागता आली असती. पण त्यांच्याकडे मागायचं जिवावर यायचं. मी रोज संध्याकाळी वर्तमानपत्राआड बसतो, आणि भाऊ स्पीकरला खेटून स्टूल टाकतात.

परवा बाजाराचा दिवस. बाहेरच्या टेम्पोंच्या हॉर्नमध्ये तिचं वाक्य बुडालं.

"भाऊ, आवाज वाढवा."

"न्हाई, सर."

"माझी बायको आहे ती."

"पासवर्ड मला कुटं म्हाईत? बाईंनीच टाकला. म्हनल्या, भाऊ, तुमी लय लवकर पाघळता, तिकडं तोंड करा. केलं."

मला एकदम बरं वाटलं. घरातल्या सगळ्या पासवर्डांना सुमती एकच शब्द ठेवायची, आमच्या मांजरीचं नाव. ते मला ठाऊक होतं, भाऊंना नव्हतं. मी ऐटीत कीबोर्ड ओढला.

भाऊंनी त्यावर पंजा ठेवला. "नका, सर. त्यो आवाज बाईंनी सोताच्या हातानं ठेवलाय. एकदा हालला का, त्योच आकडा कुनीबी परत लावंल, पर त्यो त्यांनी ठेवलेला नसंल."

मी हात मागे घेतला. भाऊंनी आपलं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"हितं बसा. परत लावतो."

मग त्यांनी सगळ्या खिडक्या लावल्या आणि ते टेम्पोवाल्यांना गप्प करायला रस्त्यावर जाऊन उभे राहिले.