एकट्याचं हेलिकॉप्टर

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर झोपायचं नाही, असं जयकुमार सामंतांनी एकदा ठरवलं आणि तिथेच सगळं बिनसलं. माणसानं आपल्या चांगल्या सवयी अशा एकाएकी मोडू नयेत. विमा कंपनीच्या कचेरीत बावीस वर्षं काढलेला माणूस आमटी-भात खाऊन गुपचूप आडवा झाला असता, तर कुणाचं काही गेलं नसतं. पण डॉक्टर म्हणाले होते, दुपारची झोप सोडा, वजन उतरेल. म्हणून सामंत सोफ्यावर ताठ बसले आणि जागं राहण्यासाठी मोबाइलवर जे येईल ते बघू लागले.

आला परदेशातला एक म्हातारा. तो शेतात एका खुर्चीवर बसला होता. खुर्चीच्या मागे इंजिन, डोक्यावर एकावर एक असे दोन पंखे. दार नाही, काच नाही, शेपूट नाही. म्हाताऱ्यानं पट्टा आवळला, इंजिन चालू केलं आणि ती खुर्ची म्हाताऱ्यासकट गवतावरून अलगद सुटली. कुंपणाच्या वर जाऊन तिथेच थांबली. खाली त्याची बायको कपडे वाळत घालत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

सामंतांनी तो व्हिडिओ सतरा वेळा पाहिला. (वजन उतरलं नाही.) संध्याकाळी चहा घेताना त्यांच्या लक्षात आलं की बावन्न वर्षांच्या आयुष्यात आपल्या पायाखाली कायम काहीतरी होतं. चाळीची गॅलरी होती, कचेरीची फरशी होती, आता भाईंदरच्या सोसायटीतला चौथा मजला होता. एकदा, फक्त एकदा, पायाखाली काही नको. उंच जायचं नाही, कुठे पोचायचंही नाही. हातभर पुरे. ही इच्छा त्यांना इतकी जोरात झाली की चहा गार झाला.

पुढची सहा वर्षं सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, ते एकट्यानं बसायचं हेलिकॉप्टर वाढत गेलं. सांगाडा सामंतांनी केला. पंख्यांची पाती त्यांनी लाकडाची तासली, वर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवला. इंजिनाचं मात्र त्यांना काही कळत नव्हतं, म्हणून ते राई गावात दत्तारामकडे गेले. दत्ताराम होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा.

"काय उडवायचा हाय?" दत्तारामनं विचारलं.

"मला."

दत्तारामनं सामंतांना वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. "बरा," तो म्हणाला. "मंग मोठा विंजान लागंल."

शैलाताईंचं, म्हणजे सामंतांच्या पत्नीचं, या यंत्राशी भांडण नव्हतं. त्या त्याला नुसतं 'ते' म्हणायच्या. उन्हाळ्यात त्याच्या पात्यांवर त्यांनी सांडगे आणि कुरडया घातल्या. एकदा सामंत दोन पात्यांचा तोल साधत होते. एक पातं केसभर जड येत होतं. तीन रविवार घासूनही ते हलकं होईना. शेवटी त्याच्या खाचेत गेल्या मोसमाची एक कुरडई सापडली.

"मला विचारायचं ना," शैलाताई म्हणाल्या. "तेव्हाच मोजताना एक कमी भरली होती."

असं छान चाललं असतं. पण गेल्या पावसात गच्ची गळली आणि सोसायटीचे सेक्रेटरी भूपेशभाई वर आले.

"जयकुमारभाई, दशेरा के बाद वॉटरप्रूफिंग चालू. आपका ये पंखा हटाओ."

"भूपेशभाई, पंखा नाही है, हेलिकॉप्टर है."

"उड़ता है?"

"अजून नाही."

"तो पंखा ही हुआ ने."

सोसायटीत दुसरी जागा नव्हती. राईत दत्तारामची खाडीलगत मोकळी जमीन होती, पण तिथेही बिल्डरचं कुंपण पडणार होतं आणि तेसुद्धा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे दसऱ्याची सकाळ तेवढी हातात होती. त्या सकाळी यंत्र उठलं तर उठलं, नाहीतर थेट भंगारात. सामंतांनी आठ दिवस रात्रीची पोळी सोडली. सोसायटीत बातमी पसरली की सामंतांच्या घरी काहीतरी झालंय.

दसऱ्याच्या दिवशी पहाटे ते हेलिकॉप्टर सुटं करून लिफ्टच्या सात फेऱ्यांत खाली आलं आणि टेम्पोतून राईला गेलं. दत्तारामनं ते जोडलं. शैलाताई जरीकाठी साडी नेसून पूजेचं ताट घेऊन आल्या होत्या, कारण दसऱ्याला यंत्राची पूजा केल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हा त्यांच्या माहेरचा नियम होता. भूपेशभाईही आले. यंत्र परत तर येणार नाही ना, ही खात्री त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी करायची होती.

"चाकं कुठायत?" शैलाताईंनी लिंबं हातात धरून विचारलं.

"चाकं नसतात गं याला. या खाली दोन पट्ट्या आहेत ना, त्यांवर ते बसतं."

"मग लिंबं कशाखाली ठेवू?"

सामंतांनी विज्ञान बाजूला ठेवून दोन्ही पट्ट्या पुढून उचलून धरल्या. लिंबं खाली गेली. पंख्यांच्या मधल्या दांड्याला झेंडूचा हार पडला. हळदकुंकू झालं, नारळ फुटला.

दत्ताराम मात्र चार खुंट्या ठोकून हेलिकॉप्टर चारी बाजूंनी दोरांनी बांधत होता.

"अरे, हे काय? उडवायचंय त्याला!"

"साहेब, होडी असो नायतर तुमचा ह्यो, बांधल्याबिगर विंजान चालू करायचा न्हाय. माझ्या बापसानं एकदा केलाता. होडी एकलीच उत्तनला गेली."

दोर कमरेइतके सैल होते. सामंतांना हातभरच हवं होतं, म्हणून त्यांनी वाद घातला नाही. ते खुर्चीत बसले, पट्टा आवळला. पट्टा शेवटच्या भोकात जेमतेम लागला.

उडवणं तसं सोपं होतं. डाव्या हाताला एक दांडा होता. तो वर ओढला की पाती कलायची, इंजिनाचा जोर वाढायचा आणि यंत्र वर जायचं. खाली केला की खाली. एवढंच. दत्तारामनं इंजिन चालू केलं. पंखे फिरले आणि झेंडूचा हार पहिल्या झटक्यात सुटून थेट भूपेशभाईंच्या तोंडावर बसला. सामंतांनी दांडा ओढला. सगळं यंत्र थरथरलं, बसल्या जागी हलकं झालं, दोर जरा हलले... आणि पट्ट्या लिंबांवरच राहिल्या.

दुसऱ्यांदा तेच. सामंतांनी बूट काढले, बेल्ट काढला, मोबाइल, किल्ल्या, पाकीट सगळं शैलाताईंकडे दिलं. मग शर्ट काढला. शेवटी लग्नातली अंगठीही काढली, तेव्हा शैलाताईंच्या भुवया वर गेल्या. यंत्र वर गेलं नाही.

दत्तारामनं इंजिन बंद केलं. तो पात्यांभोवती एक चक्कर मारून आला. मग हळूच म्हणाला, "साहेब, विंजानात खोट न्हाय. माल जास्त हाय."

एक्क्याण्णव किलो माल बनियन घालून खाली उतरला. तो अनवाणी खाडीच्या कडेला गेला आणि बांधावर पाठ करून बसला. सामंतांना रडू येत होतं, हे सांगायला हवं. सहा वर्षं जे मनात जपलं, त्याच्या आड कोण आलं, तर आपणच. कुणाला दोष द्यायची सोय नव्हती. समोर भरतीचं पाणी चढत होतं आणि एक बगळा काही कष्ट न करता उडून पलीकडे गेला. सामंतांना त्या क्षणी त्याचा मनापासून राग आला.

शैलाताईंनी ती पाठ पाहिली. सत्तावीस वर्षांच्या संसारात बदल्या नाकारल्या गेल्या, प्रमोशन हुकलं, पण ही पाठ अशी वाकलेली त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी पदर कमरेला घट्ट खोचला.

"दत्तारामभाऊ, मी बसते यात. निदान चालू यंत्राचा एक फोटो घरात राहू दे. नाहीतर लोक म्हणतील, काही केलंच नाही."

"बराबर है भाभी," भूपेशभाई मोबाइल सरसावून म्हणाले. तोंडावर अजून एक पाकळी होती. "मैं तो व्हिडिओ लेगा. पंखा फिरता दिखना मांगता. बंद में तो भंगार लगता है."

"बसा, पन बाई, हात कशाला लावू नका," दत्तारामनं बजावलं. त्यानं पट्टा आवळून दिला आणि इंजिन चालू केलं.

आता, शैलाताई गेल्याच वर्षी गाडी शिकल्या होत्या. ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी त्यांच्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं होतं : मॅडम, घाबरलात की काही करू नका, फक्त हँडब्रेक ओढा. डोक्यावर दोन पंखे घोंगावायला लागले तेव्हा शैलाताई घाबरल्या. त्यांनी काही केलं नाही. डावीकडे बरोब्बर हँडब्रेकच्या जागी एक दांडा होता, तो फक्त ओढला. दोन्ही हातांनी, सरांनी शिकवल्यासारखा, शेवटपर्यंत.

आवाज बदलला म्हणून सामंतांनी मागे पाहिलं.

त्यांचं हेलिकॉप्टर हवेत होतं. लिंबं खाली होती, पट्ट्या वर होत्या, मधे स्वच्छ मोकळी हवा होती आणि त्या सगळ्याच्या वर त्यांची सत्तेचाळीस किलोची बायको जरीकाठी साडीत ताठ बसली होती. चारही दोर ताणले गेले. यंत्र कमरेएवढ्या उंचीवर किंचित डुलत थांबलं, अगदी त्या म्हाताऱ्याचं थांबलं होतं तसं.

"उड़ गया! भाभी उड़ गया!" भूपेशभाई ओरडले.

सामंत अनवाणी धावत सुटले. "उडतंय! शैला, उडतंय ते!" ते बनियनवर नाचत होते, हसत होते आणि डोळ्यांतलं पाणी पुसत होते. त्यातलं आनंदाचं किती आणि हेव्याचं किती, हे त्यांना स्वतःलाच सांगता आलं नसतं. आपली सहा वर्षं तिथे वर तरंगत होती, हाताच्या अंतरावर, आणि आपण खाली होतो. मग त्यांना जबाबदारी आठवली. "दांडा खाली कर! हळूच!"

शैलाताईंना काही ऐकू आलं नाही. पण हँडब्रेक लागत नाहीये, हे त्यांना कळलं, आणि सरांनी सांगितलंच होतं की लागला नाही तर हळू सोडायचा आणि पुन्हा ओढायचा. त्यांनी हळू सोडला. यंत्र लिंबांवर येऊन टेकलं. त्या पुन्हा ओढणार, एवढ्यात दत्तारामनं झडप घालून इंजिन बंद केलं.

अकरा सेकंद. भूपेशभाईंच्या मोबाइलवर मोजलेले.

दत्ताराम यंत्र सुटं करायला लागला. भूपेशभाई तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकत टेम्पोच्या सावलीत गेले. बांधावर दोघंच उरले. शैलाताईंनी पाकिटाबरोबर सांभाळलेली अंगठी काढली आणि सामंतांच्या बोटात घातली.

सामंतांनी अंगठी बोटात एकदा फिरवली. मग काशीहून आलेल्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "शैला, कसं वाटतं गं? पायाखाली काही नसलं म्हणजे?"

"कसं वाटणार?"

"खाडी दिसली असेल. पलीकडचा काठ. थोडं तरी निराळं दिसलं असेल ना, तेवढ्या उंचीवरून? मला सगळं सांग. सावकाश सांग."

शैलाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. खोटं सांगावं, असं त्यांना क्षणभर वाटलं. पण सत्तावीस वर्षांत ती सवय नव्हती.

"अहो, मी डोळे उघडलेच नाहीत."

"अकरा सेकंद?"

"अकराच्या अकरा."

सामंतांनी एक मोठा श्वास घेतला आणि सोडला. सहा वर्षांत त्यांच्या यंत्रातून एकच माणूस वर गेलं होतं आणि तेही डोळे मिटून.

"पण तुमचं नाव मात्र घेत होते हं," शैलाताई त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या. एरवी त्या कधी नवऱ्याचं नाव घेत नसत.

"माझं? वर असताना?"

"सारखं. देवाला म्हणत होते, हे जयकुमारनं बनवलंय, तेव्हा आता तूच बघ."